मालक गावाला गेलेत

वाकदरीच्या देवळात बसलेल्या माणसाशी बोलायचं नसतं, हे मला त्याच्याशी बोलून झाल्यावर कळलं.

गाभाऱ्यात अंधार होता. उंबरठ्यापाशी वाकून पाहिलं तर काळी घोंगडी डोक्यावरून घेतलेलं कोणीतरी दगडी चौथऱ्यावर बसलेलं दिसलं. देवळाचा राखणदार असेल असं समजून मी नमस्कार केला आणि आतला फोटो काढला तर चालेल का, असं विचारलं. उत्तर आलं नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून जरा मोठ्याने विचारलं. घोंगडी किंचित हलली. तेवढ्यात मागून कोणीतरी माझं कोपर धरलं आणि मला उलट पावली सभामंडपापर्यंत ओढून आणलं.

ते प्रल्हादभाऊ होते, माझे यजमान. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय करून राह्यले भाऊ? जागेशी बोलता?"

"आत माणूस आहे."

"मानूस हाय तं काय झालं? चाला अंदी बाहीर."

मालेगावहून आत

हे मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं नव्हे, वाशीम जिल्ह्यातलं. वाशीमला राहणाऱ्या एका शिक्षक मित्राने सांगितलं होतं की, मालेगावपासून आत डोंगरात हेमाडपंती देवळांचा एक समूह आहे आणि तिकडे बाहेरचं कोणी जात नाही. प्रल्हादभाऊ त्याचे मावसभाऊ. बातमीदार म्हणून फिरायची सवय होतीच, डिसेंबरात मी साताऱ्याहून निघालो. बसस्थानकासमोर चहाच्या गाडीवर ते वाट पाहत होते. डोक्याला मफलर, मोटारसायकलच्या हँडलला भाजीची पिशवी.

सोयाबीन निघून गेलं होतं आणि रिकाम्या वावरांत हरभरा हातभर वर आला होता. तूर मात्र उभी होती, माणूस बुडेल एवढी, शेंगा भरलेली. दोन्ही बाजूंनी तूर आणि मधून कच्चा रस्ता. साताऱ्याकडचे डोंगर पाहिलेल्या माणसाला इथले डोंगर आधी टेकड्याच वाटतात. पण रस्ता दरीत शिरला, एकदा वळला, पुन्हा उलट वळला, आणि मागे पाहिलं तर आलेली वाट दिसेना. मोबाइलचा टॉवर डोंगराआड गेला. दरी वाकडी आहे म्हणून वाकदरी. सूर्य इथे उशिरा येतो आणि लवकर जातो. आम्ही पोचलो तेव्हा वरच्या सागांवर ऊन होतं आणि गावावर सावली पडली होती.

देवळं गावाच्या टोकाला आहेत. मधे चौकोनी बारव, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. बारवेभोवती पाच देवळं, सगळी काळ्या दगडाची, चुन्याशिवाय रचलेली. मोठं देऊळ महादेवाचं. तिथे घंटा आहे, बेल वाहिलेला असतो, सोमवारी रांग लागते. बाकीच्यांत एक गणपतीचं, एक देवीचं, एक जवळजवळ ढासळलेलं. या चारही देवळांवरच्या मूर्तींचे चेहरे शाबूत आहेत. एका वादकाच्या गालाचा फुगवटासुद्धा दिसतो.

पाचवं देऊळ डोंगराच्या कुशीला लागून आहे. त्याच्या चौकटीवरच्या मूर्तींना चेहरे नाहीत. हात, दागिने, पायांतले तोडे सगळं जागेवर आहे, फक्त चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत दगड. फोडल्याच्या खुणा नाहीत. झिजले म्हणावं तर फक्त चेहरेच कसे झिजले, ते मला सांगता येणार नाही.

सुपारी

संध्याकाळी प्रल्हादभाऊंच्या ओट्यावर चहा झाला. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. पाच-सहा जण आले. त्यांतला एक किडकिडीत माणूस माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला आणि टक लावून पाहू लागला.

"वळखलं का भाऊ?"

"नाही."

"म्याच होतो ना आत! नामदेव. तुमी फोटोचं पुसलं तवा हासू दाबता दाबता सुपारी गिळाची पाळी आली मायावर."

ओट्यावर हशा पिकला. नामदेव पुढे म्हणाला, "दुसऱ्यांदा तं असे वरडले, जसा म्या भयरा हावो."

एकटे प्रल्हादभाऊ हसले नाहीत.

मग प्रकार कळला. पाचव्या देवळात देव नाही. देव गावाला गेले आहेत. गावात त्यांना देव म्हणत नाहीत, मालक म्हणतात. मालक सोयऱ्यांच्या गावी गेले, जाताना सांगून गेले की जागा थंड होऊ देऊ नका, मी आलोच. कधी गेले ते कोणाला माहीत नाही. तेव्हापासून दिवस उगवला की गावातल्या एका घरचं एक माणूस त्या चौथऱ्यावर जाऊन बसतं आणि दिवस मावळेपर्यंत बसून राहतं. घराघरांत पाळी फिरते. बाई बसते, पुरुष बसतो. घोंगडी देवळाची, तीच सगळ्यांना. बोलायचं नाही म्हणून तोंडात सुपारी. मध्यान्हीला एकदा उठता येतं, तेवढ्यापुरता गुरव बसतो. रात्री दार ओढून घेतात. रात्रीचं मालकांचं मालक पाहतात.

"आणि दर्शनाला येणारे?"

"येतात नं. उंबरठ्यावर डोक्सं ठेवतात, काही आनलं असन तं ठेवतात, आन् मागच्या पायानं जातात," प्रल्हादभाऊ म्हणाले. "पन वर पाह्याचं नाई. बोलाचं तं नाईच नाई."

"काहून?" 'का' म्हणायला मी त्यांचाच शब्द वापरला.

त्यांनी कप खाली ठेवला. "तोंड पाह्यलं म्हनजे मग हा नामदेव हाय, हे समजलं. नामदेव हाय म्हनजे मालक नाई. आपुनच आपल्या तोंडानं जागा खाली हाय म्हनलं का नाई?"

आमच्याकडे देवळात जायचं ते पाहायला. मूर्तीचा चेहरा नीट दिसला नाही तर माणसं पुन्हा रांगेत उभी राहतात. इथे न पाहणं हीच भक्ती.

रात्री तुरीच्या ओल्या दाण्यांची झणझणीत आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. वाढताना प्रल्हादभाऊंच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणू लागलो होतो, म्हणाल्या, "भाऊले काई झालं नाई नं? बोलले तं बोलले. काय झालं?"

"तू चूप राह्य," प्रल्हादभाऊ म्हणाले.

दोन खाचा

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास मोतीराम गुरवांनी मला देवळाशी बोलावलं. पाळीचा माणूस यायच्या आधी दार उघडणं हे त्यांचं काम. कालचा प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. रागावले नव्हते. पाहुण्याने पुन्हा चूक करू नये म्हणून सगळं नीट दाखवून टाकावं, असा त्यांचा विचार होता.

गाभारा सभामंडपापेक्षा काही पायऱ्या खाली आहे. बॅटरीच्या उजेडात चौथरा दिसला. रुंद, एकाच दगडाचा. दोन माणसं मधे हात-दीड हात अंतर सोडून सहज बसतील. वर दोन चौकोनी खाचा आहेत. अशा खाचांत मूर्तीचा खालचा भाग बसवतात. म्हणजे इथे कधीतरी दोन मूर्ती होत्या. कोणीतरी लपवल्या असतील, नेल्या असतील. गावात त्याची काही नोंद नाही. एका खाचेवर गोणपाटाची घडी होती. बसणारा तिथे बसतो. दुसरी खाच उघडी होती, तिच्यात धूळ साचलेली.

"ही दुसरी कोणाची?"

"मालकीन असन," गुरव म्हणाले. "पन तिची पाळी काई आमच्याकडं लावून नाई गेले."

त्यांनी मला दगडाला हात लावायला सांगितलं. मी गोणपाट उचलून खालच्या दगडावर तळवा ठेवला, मग उघड्या बाजूवर. दोन्हीकडे बारवेच्या पाण्यासारखा गार. थोड्या वेळाने हाड दुखू लागलं.

"रातभरात असा होते. मानूस बसलं का हळूहळू गरम होते. दुपारपावतर गरम झाला पायजे. हेच काम हाय. दुसरं काई नाई."

"आणि एखाद्या दिवशी कोणी बसलंच नाही तर?"

त्यांनी बॅटरी बंद केली. "तसं एकडाव झालं," ते म्हणाले. "म्हनजे बसेल होतं. पन जागा थंडी झाली."

बाहेर पाळीचा माणूस आला होता. गुरवांनी त्याच्याकडे न पाहता घोंगडी पुढे केली. त्याने ती डोक्यावरून घेतली, आणि त्या क्षणापासून गुरव त्याच्या बाजूने असे वावरले, जणू तो खांबच आहे.

कौसाबाई

त्याच दिवशी उन्हं चढल्यावर एक म्हातारी प्रल्हादभाऊंच्या घरी आली. उंच, सरळ, पांढरं लुगडं, एका हातात रोडग्यांची दुरडी. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे. वरून राख झटकायची, फोडायचे आणि तूप ओतायचं. त्याबरोबर वांग्याची भाजी. ते माझ्यासाठी आणले होते. वहिनी तिला कौसामाय म्हणत होत्या.

माझं खाणं होईपर्यंत ती समोर बसून राहिली. मग म्हणाली, "परवा बोलले ते तुमीच नं?"

"कालच. चुकून बोललो."

"मंग काई झालं का तुमाले?"

"नाही."

"ताप? पोटदुखी? सपन?"

"काही नाही."

तिने वहिनींकडे पाहिलं. वहिनी भांडी उचलायच्या निमित्ताने आत गेल्या, पण दाराआडच थांबल्या.

कौसाबाईंनी सांगितलं ते मी जसं ऐकलं तसं देतो. त्यांच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. ते पाळीला बसले होते. सोमवार होता, महादेवाला गर्दी होती, ती सगळी पाचव्या देवळातही येत होती. मध्यान्हीला ते उठले, भाकरी खाल्ली, पुन्हा बसले. तिसऱ्या प्रहरी कौसाबाई चहा घेऊन गेल्या. रिवाजाप्रमाणे मान खाली घालून किटली आणि चहा ओतलेला कप उंबरठ्याच्या आत ठेवले, डोकं टेकवलं, मागच्या पावली बाहेर आल्या. लोक आलेगेले की ते हळूच चहा पिऊन घेत. दिवस मावळल्यावर गुरव त्यांना उठवायला गेला, तेव्हा ते उठले नाहीत. भिंतीला टेकून बसलेले होते. अंग गार पडलं होतं.

"डाक्टर म्हने, जेवून बसले त्याच्या थोड्या वेळानंच गेले," कौसाबाई म्हणाल्या. "म्हनजे म्या चहा ठेवला तवा ते नोतेच. अर्धं गाव येऊन गेलं. सरपंच येऊन गेला. साऱ्यायनं डोक्सं टेकवलं. एकानंबी वर नाई पाह्यलं. म्याबी नाई."

त्यांनी रोडग्यांची दुरडी जवळ ओढली.

"कपातल्या चहावर साय धरली होती."

दाराआड भांड्यांचा आवाज थांबला होता.

गावाने त्यावर चर्चा केली होती. चर्चा माणूस गेल्याची नव्हती, जागा थंड झाल्याची होती. शांत करायचं ते केलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाळी पुढे चालू झाली. रिवाज बदलला नाही. कौसाबाईंच्या घरची पाळी आता त्यांच्यावर आली. मुलगा चाकणला कंपनीत आहे. तो फोनवर ओरडतो, बसू नको म्हणतो. हल्ली त्यांच्या छातीत कळ येते. वाशीमच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आहेत, पण मुलाला ते सांगितलेलं नाही. आणि त्यांची पाळी उद्याच होती. सोमवारी.

"मग बसू नका," मी म्हणालो.

"कायले नाई बसू? म्या बसाचं सोडाचं म्हनून राह्यली का?" त्या एकदम चिडल्या. "बसतो. मेली तं मेली. पन माया पायापाशी अर्धं गाव डोक्सं टेकवून जाईन आन् मले कोनी पाह्यनार नाई, हे नाई पायजे मले."

मग त्यांनी ज्यासाठी रोडगे आणले होते ते सांगितलं. उद्या तिसऱ्या प्रहरी मी रांगेतून यायचं. उंबरठ्याशी आल्यावर वर पाहायचं आणि त्यांना नावाने हाक मारायची. सुपारी असल्यामुळे त्या बोलू शकणार नाहीत, पण घोंगडीतून हात वर करतील. हात वर झाला नाही तर मी आरडाओरडा करायचा.

"गावातल्या कोणाला सांगा ना."

"सांगतलं. सारे हाव म्हनतात. आन् उंबरठ्यापाशी आले का मान खाली." दाराआड उभ्या असलेल्या वहिनींकडे न पाहता त्या म्हणाल्या, "तुमी एकदा बोलेल हा. तुमाले सवय हाय."

बातमीदाराने ज्या गोष्टीची बातमी द्यायची तिच्यात हात घालू नये, असं मी नोकरीभर पाळत आलो. मी हो म्हणालो.

सोमवार

सकाळी मी देवळाकडे गेलो नाही. प्रल्हादभाऊंबरोबर त्यांच्या वावरात तुरीच्या शेंगा तोडल्या. त्यांना काहीतरी कळलं असावं. परत येताना म्हणाले, "भाऊ, तुमी उद्या चालले जासान. आमाले इथंच राहाचं हाय."

"तुमचं म्हणणं काय आहे? हाक मारू नको?"

त्यांनी शेंगांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "माया बापाची पाळी होती तवा लहानपनी म्या एकदा वर पाह्यलं होतं. मले बाप दिसला नाई."

"मग काय दिसलं?"

"घोंगडीच. आतमंदी काई नोतं. म्हनजे अंधार होता, लहान होतो. पन तवापासून नाई पाह्यत."

तिसऱ्या प्रहरी डोंगराची सावली बारव ओलांडून देवळाच्या पायरीला लागली होती. महादेवाची रांग संपवून लोक इकडे येत होते. इथे रांगेत कोणी बोलत नाही. सभामंडपात पावलांचा आवाज, बायकांच्या पायांतल्या जोडव्यांचा आवाज, बाकी काही नाही. समोरचा माणूस वाकायचा, टेकायचा, मान खाली ठेवूनच मागे यायचा, आणि येताना खांब हाताने चाचपायचा. माझ्या मागे वहिनी होत्या, हातात कौसाबाईंसाठी चहाची किटली आणि कप. चौकटीशी मोतीराम गुरव जमिनीकडे पाहत उभे होते.

माझी पाळी आली. मी उंबरठ्याशी बसलो आणि वर पाहिलं.

बाहेरून आल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, हे लक्षात घ्यायला हवं. आधी काहीच दिसलं नाही. मग चौथऱ्याची कड, मग दोन तळपाय, मग घोंगडीचा आकार. चेहऱ्याच्या जागी काळोख. मला चौकटीवरच्या मूर्ती आठवल्या.

"कौसाबाई," मी म्हणालो.

मागची पावलं थांबली. गाभारा लहान असल्यामुळे माझाच आवाज मला वेगळा वाटला. घोंगडी हलली नाही. मी वाट पाहिली. किती, ते सांगता येणार नाही. छातीवर घोंगडी वरखाली होते आहे का, हे पाहण्याचा प्रयत्न केला, तर सगळाच अंधार वरखाली होत असल्यासारखा वाटला.

मग हात वर झाला. तळवा माझ्याकडे, बोटं सरळ. थोडा वेळ तसाच राहिला आणि खाली गेला.

मी उठलो. गुरवांनी प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "सायब, काय केलं हे? आता एवढा वेळ जागा खाली झाली नं!"

"जागा रिकामी नाही. कौसाबाई बसल्या आहेत."

"तेच तं मी म्हनून राह्यलो!"

आणि तेव्हा माझ्या मागून आवाज आला. घोगरा, पण स्पष्ट.

"कौसामाय, चहा ठेवला वं."

वहिनी उंबरठ्याशी बसल्या होत्या. मान वर होती. किटली आत सरकवलेली. आतून हात वर झाला, आणि या वेळी घोंगडीही डोक्यावरून मागे घसरली. कौसाबाईंचा चेहरा सगळ्यांना दिसला. सुपारीने एक गाल फुगलेला होता.

गुरव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पुढचा माणूस आला. तो नामदेव होता. त्याने डोकं टेकवलं, क्षणभर अडला, मग वर पाहिलं.

"कौसामाय."

हात वर झाला. त्याच्या मागच्या बाईने मान खाली घालूनच हाक मारली. तिच्या मागचे दोघे काही न बोलता गेले. त्यानंतरच्या म्हाताऱ्याने हाक मारली. प्रल्हादभाऊ रांगेत नव्हते. ते बारवेच्या काठावर आमच्याकडे पाठ करून बसले होते.

दिवस मावळताना

गुरव उठवायला आले तेव्हा मला आत यायची परवानगी कोणी दिली नाही आणि कोणी अडवलंही नाही. कौसाबाईंनी सुपारी काढून पदरात बांधली. आधी त्या गुरवांना बोलल्या.

"हात वर करू करू खांदा गेला माया. साऱ्या गावाले आजच याचं होतं का?"

गुरव घोंगडीची घडी करत राहिले. मग ती घेऊन बाहेर गेले.

"तुमी हाक मारली का नाई?" कौसाबाईंनी मला विचारलं.

"मारली. पहिली मीच मारली. तुम्ही हात वर केलात."

"म्या?" त्या म्हणाल्या. "माया डोया लागला होता. मले जाग आली ते तुमच्या वयनीच्या आवाजानं. त्याच्या अंदी म्या काई आयकलं नाई."

झोपेत माणूस हात हलवतो. हाकेला झोपेत ओ देणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्या उठल्या नाहीत. गोणपाटावरच बसून राहिल्या. त्या कडेला बसल्या होत्या, दुसऱ्या खाचेची बाजू मोकळी ठेवून. पण सगळेच तसे बसतात.

"एक काम अजून करा," त्या म्हणाल्या. "त्या अंगाले हात लावून पाहा."

"कुठे?"

"तिकडं. म्या बसत नाई तितं." त्यांनी त्या बाजूला पाहिलं नाही. "ते गेल्यापासून म्या बसतो तवा मले वाटते, का म्या एकली नाई बसत. कोनाले सांगतलं नाई. पन हात लावून नाई पाह्यला कवा."

"भीती वाटते?"

"हाव." थोड्या वेळाने म्हणाल्या, "थंडा निघन याची."

दाराबाहेर अजून थोडा उजेड होता. मी त्यांच्या समोरून पलीकडे गेलो. खाचेतली धूळ काल सकाळी होती तशीच होती, बोटाची खूणसुद्धा नव्हती. खाचेच्या बाजूला, जिथे माणूस बसला तर बसेल, तिथे मी तळवा पसरून ठेवला. मग उचलला, मधल्या भागावर ठेवला, आणि पुन्हा तिथे ठेवला.

कौसाबाई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या.

"हाय का गरम?"

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, गोणपाट झटकून त्याची घडी घातली आणि पायऱ्या चढून बाहेर गेल्या. बाहेर वहिनी रिकामी किटली घेऊन थांबल्या होत्या. दोघी बोलत बोलत गावाकडे गेल्या. कोणाच्या तरी सुनेविषयी चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हादभाऊंनी मला मालेगावला सोडलं. वाटेत देवळापाशी त्यांनी गाडी हळू केली. दार उघडलेलं होतं, पाळीचा माणूस बसलेला असणार. मोतीराम गुरव उंबरठ्याच्या आत तोंड करून उभे होते आणि दबक्या आवाजात कोणाला तरी काहीतरी विचारत होते. गाडीचा आवाज ऐकून ते गप्प झाले.

साताऱ्याला आल्यावर हे ज्यांना सांगितलं त्यांनी एकच प्रश्न विचारला. म्हातारीला बरं वाटावं म्हणून तसं सांगितलंत ना? दगड उष्णता धरतो, हे मला माहीत आहे. एका बाजूची ऊब दुसरीकडे जाऊ शकते, हेही माहीत आहे. म्हणूनच मी मधल्या भागाला हात लावून पाहिला होता.

मधला भाग गार होता. पलीकडची जागा गरम होती.